दुसरी चुंबळ

गोरख,

तुझा फ्लेक्स लागलाय. रावेरला, पॅकिंग शेडच्या फाटकाजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रकला दिसेल असा. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली तुझं नाव, आणि नावाच्याही वर मोठ्या अक्षरांत 'निष्ठावान कामगार'. फोटो कुठला टाकलाय माहितेय? तुझ्या मेहुण्याच्या लग्नातला. अंगात शर्ट माझा आहे. दोन दिवसांसाठी नेला होतास, परत दिला नाहीस. त्या फोटोत तुझ्या शेजारी रोहिदास उभा होता. फ्लेक्सवाल्यानं त्याला कापून टाकलं. पण रोहिदासचा हात तुझ्या खांद्यावर होता, तो काही त्याला नीट कापता आला नाही. त्यामुळं आता तुझ्या खांद्यावर नुसती चार बोटं आहेत. मागं माणूसच नाही.

मी ती बोटं बघत उभा राहिलो. चिडायची मला सवय आहे, तुला ठाऊकच आहे. पण त्या दिवशी चीडही नीट आली नाही. पोतं उतरवून ठेवल्यावर मान जशी दुखते, तसं काहीतरी सगळ्या अंगभर झालं.

संघटनेच्या अंकासाठी तुझ्यावर लिही म्हणाले. जन्म कुठला, शिक्षण किती, मागं कोण कोण, हे सगळं लिहिणारे लिहितील. मला पत्रक लिहिता येतं, दुसरं काही येत नाही. आणि पत्रकात 'त्याग' हा शब्द आला की लोक टाळ्या वाजवतात, म्हणून तो शब्द तुझ्यासाठी वापरायचा नाही एवढं मी ठरवलंय. तुझ्याशी माझं भांडण अर्धवट राहिलंय. ते पुढं चालवतो. तू उत्तर देणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तसा तू जिवंतपणीही फार देत नव्हतास.

वाचणाऱ्यांसाठी आधी एक गोष्ट सांगून टाकतो. तू, मी आणि रोहिदास एका गावचे. सोनगीरपासून आत, जिथं विहिरीला पाणी लागण्याआधी खडक लागतो, असलं गाव. दिवाळी झाली की टोळी निघायची, धुळ्याहून एसटीनं जळगाव, तिथून रावेर. केळी कापायची, घड डोक्यावर घेऊन बांधावर आणायचे, ट्रक भरायचा. टोळीचा म्होरक्या वामननाना. नाना विळ्यानं घड उतरवायचा, बाकी सगळे वाहायचे. वाहणाऱ्याची चुंबळ ज्याची त्याची. जुन्या लुगड्याची पट्टी, आत केळीचा वाळलेला पाला, घट्ट गुंडाळी करून डोक्यावर ठेवायची.

आणि आपल्या टोळीची रीत अशी: सकाळी बागेत शिरण्याआधी प्रत्येकानं आपली चुंबळ बांधावर ओळीनं मांडायची. नाना ओळीवरून नजर फिरवायचा. जितक्या चुंबळी, तितके मजुरीचे वाटे. एखाद्याला ताप आला, कुणाचं पोट बिघडलं, तर त्याची चुंबळ दुसऱ्यानं मांडायची आणि त्याच्या फेऱ्या त्यानं मारायच्या. याला आपण 'चुंबळ चालवणं' म्हणायचो. आज मी तुझी चालवली, उद्या तू माझी. एक दिवस, फार तर दोन. रीत चांगली होती. आपण केली होती, कुणा शेठनं नाही.

तू रोहिदासची चुंबळ किती वर्षं चालवलीस, गोरख?

*

आपला पहिला हंगाम आठवतो. तिघांनाही मिसरूड फुटलेलं नव्हतं नीट. बागेत शिरलं की बाहेरचं ऊन विसरायला व्हायचं, आत नुसता दमट अंधार, वर पानांचं छत, खाली ठिबकच्या नळ्या. त्या नळ्यांत पाय अडकून मी पहिल्याच दिवशी घडासकट आपटलो. नाना धावत आला तो घड बघायला. तू मला उठवलंस आणि म्हणालास, "नाना, घडले काही लागनं नही. याले लागनं शे, पन हाऊ फुकटना शे." सगळी टोळी हसली. मी महिनाभर तुझ्याशी नीट बोललो नव्हतो.

केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही. आधी दिसत नाही, मग काळा पडतो. पहिल्या हंगामात आपल्याला वाटलं, धुतला की निघेल. साबण संपले. शेवटी रोहिदास म्हणाला, बठ्ठा शर्ट एकदाच चिकमा बुडाडा, एकसारखा काळा व्हई, फॅशन दिसी. आणि त्या गाढवानं खरंच बुडवला. शर्ट वाळल्यावर पत्र्यासारखा उभा राहिला. तू तो झोपडीच्या दारात उभा करून ठेवलास आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालायला लावलास.

त्याच हंगामात तुला कावीळ झाली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. आखाजीला खान्देशातला माणूस घरी नाही म्हणजे तो मेला तरी किंवा तुरुंगात तरी. टोळी निघाली, मीही निघालो. रोहिदास निघाला नाही. तुझ्याजवळ थांबला. उसाचा रस आणायला तो दररोज फैजपूरपर्यंत जायचा, कारण रावेरचा रसवाला बर्फ घालतो आणि बर्फ काविळीला वाईट, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आम्ही परत आलो तेव्हा तू पिवळा पण बसता झाला होतास, आणि रोहिदास तुझ्यासमोर पत्ते मांडून बसला होता. म्हणाला, आखाजीचा जुगार चुकायला नको म्हणून दोघंच खेळतोय, आणि हा आजारी माणूस सारखा जिंकतोय.

मला वाटायचं, हेच कारण असणार. मी कारण शोधणारा माणूस आहे. पुढं एकदा मी तुला सरळच विचारलं होतं.

"काविळीना टाइमले तो थांबना व्हता, म्हनीसन वाहस का तू त्यानं ओझं?"

"नही रे."

"मंग त्यानी तुन्हा जीव वाचाडा का कधी?"

"नही."

"मंग?"

"मंग काय मंग? मन्हा सोबती शे तो." आणि वर म्हणालास, "तुले सोबतना अर्थ पत्रकमा लिखना पडस का?"

*

रोहिदासचा पाय गेला तो ट्रॉलीखाली. त्याच्यात वीरश्री काही नव्हती. अवकाळी पावसाचा चिखल, ट्रॉली मागं सरकली, पाऊल फळीखाली आलं. हाड सांधलं पण वाकडं सांधलं. चालता येतं, पण घड डोक्यावर घेऊन नळ्या ओलांडत चालता येत नाही. मी तेव्हा टोळी सोडून जळगावला संघटनेत गेलो होतो. मला वाटलं, आता रोहिदास गावी बसेल. पुढच्या दिवाळीनंतर रावेरला आलो तर रोहिदास बांधावर. ट्रकमध्ये पाला अंथरतोय, पाण्याचे ड्रम भरतोय, भाकरी राखतोय. आणि सकाळच्या ओळीत त्याची चुंबळ तुझ्या चुंबळीशेजारी. त्याच्या आईच्या लुगड्याची, निळ्या काठाची.

एक फेरी तुझी, एक फेरी त्याची. टोळी बिडी ओढायला बसायची तेव्हा तू त्याच्या फेरीला निघालेला असायचास. चुंबळसुद्धा बदलायचास. मी म्हटलं, अरे, एकाच चुंबळीवर दोन्ही वाहा, कोण बघतंय? तर म्हणालास, "ज्यानी फेरी, त्यानी चुंबळ. नही तर खोटं व्हई." गोरख, तुझ्या या खरेपणावर मला त्या वेळीही ओरडावंसं वाटलं होतं. जगातला सगळा हिशोब वाकडा, आणि तू एकटा बांधावर उभा राहून चुंबळी बदलतोयस!

टोळी काही बोलली नाही, कारण टोळीचं काही जात नव्हतं. ट्रक वेळेवर भरत होता. पॅकिंग शेडच्या शेठला माहीतच नव्हतं, कारण शेठ माणसं मोजत नाही, ट्रक मोजतो. आणि तुझ्या मानेचं काय होतंय हे बघायला कुणी मागं उभं नव्हतं. होती ती तुझी बायको, मंगलवहिनी. ती होती गावी.

आपलं मोठं भांडण झालं ते फैजपूरच्या बाजारात. मी पत्रकं वाटत होतो, तू मिरच्या घ्यायला आला होतास. लांबूनच ओरडलास, "काय पत्रक्या, आज कोनं राज उलथाई राह्यना?" सगळा बाजार वळून बघायला लागला. मग चहाच्या टपरीवर बसलो. तू माझ्या हातातलं पत्रक घेतलंस आणि बोट ठेवून वाचलंस. 'शोषित स्थलांतरित श्रमिक बांधवांनो'. मान हलवलीस.

"हाई कोन?"

"तू. तुम्ही बठ्ठा जन."

"आम्ही शोषित-बिषित नही रे भो. आम्ही थकेल शेतस. तसं लिख."

मी चिडलो. म्हटलं, थकलायस कशानं? दोन माणसांचं काम करतोयस म्हणून. ज्याच्या ट्रॉलीखाली रोहिदासचा पाय गेला, त्यानं त्याला बसून करायचं काम द्यायला पाहिजे. शेडमध्ये टाकीपाशी फण्या धुवायच्या, पंख्याखाली सुकवायच्या, खोक्यात भरायच्या. बसून होतं ते काम. तू त्याची चुंबळ चालवतोस म्हणजे शेठची जबाबदारी चालवतोस. फुकटात.

तू मिरच्यांच्या पुडीला गाठ मारत होतास. म्हणालास, "शेठले सांगशी तर शेठ म्हनी, लंगडा मानूस आठे कशाले आना? मंग तो गाव जाई. गावमा काय शे? दगडं. त्यानी मायना दवाखाना कोन करी, पोरनी शाळा कोन करी? तुन्हं पत्रक?"

"आनि तू कितला दिन वाहशी?"

"जितला दिन वाहता ई, तितला दिन."

"हाई काही उत्तर नही, गोरख."

"मंग तू दुसरं दे."

माझ्याकडे होतं. मी म्हटलं, टोळीनं एक दिवस बसायचं. कापलेला माल उन्हात राहिला तर कुणाचं नुकसान? आपलं नाही. एक दिवस बसा, रोहिदासला शेडमध्ये जागा मिळते की नाही बघा. तू ऐकून घेतलंस. मग हसलास. "आनि नही मियनी तर? तू जळगाव जाशी. आम्ही कोठे जाऊत?"

यावर मी जे बोललो ते पत्रकात छापण्यासारखं नव्हतं. तू चहाचा ग्लास खाली ठेवलास, मिरच्या उचलल्यास आणि निघालास. थोडं पुढं जाऊन परत आलास, आणि माझ्या हातातली अर्धी पत्रकं घेतलीस. "आण, टोळीमा वाटस. भाकरी बांधाले कागद नही."

पुढं आपण कितीदा तरी भेटलो, पण तो विषय परत निघाला नाही. तू टाळायचास, आणि खरं सांगायचं तर तुझं तोंड बघून मलाही जोर राहायचा नाही. दोन हंगामांत तुझी मान डावीकडं झुकली होती. बोलताना तू सगळं अंग वळवायचास, म्हाताऱ्यासारखा. तिशीही ओलांडली नव्हती रे.

*

वैशाखातलं ऊन. ज्यानं रावेरचं वैशाखातलं ऊन डोक्यावर घेतलं नाही त्याला ते सांगून कळत नाही, आणि ज्यानं घेतलं त्याला सांगायला नको. बागेत आत गारवा असतो. बाहेर बांधावर पाऊल टाकलं की कुणीतरी तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखं. आत, बाहेर, आत, बाहेर. टोळी सावलीला बसली होती. तू बसला नव्हतास. नाना म्हणतो, मी हाक मारली, गोरख, टेक रे जरा. तू म्हणालास, "हाई एक टाकस नि बठस."

घड ट्रकपाशी नीट उतरवलास. मग तिथंच बसलास. मग आडवा झालास. रोहिदास ट्रकमध्ये वर होता, पाला अंथरत. त्यानं वरून बघितलं. तुझ्या डोक्यावरून गळून पडलेली चुंबळ निळ्या काठाची होती.

मी तिथं नव्हतो. हे सगळं मला नानानं सांगितलं, टोळीतल्यांनी सांगितलं. रोहिदासनं एक अक्षर सांगितलं नाही. ट्रॅक्टरमधून दवाखान्यात नेलं तेव्हा तुझं डोकं त्याच्या मांडीवर होतं, एवढं मला माहीत आहे. तो वाकड्या पायानं त्या उंच ट्रकवरून उतरला कसा, हे कुणालाच माहीत नाही. कुणी बघितलं नाही, सगळे तुझ्याकडं बघत होते.

गावी नेलं तेव्हा तुला घालायला घरात एक शर्ट सापडेना. प्रत्येकावर चिकाचे डाग. वहिनी पेटी उपसत होती आणि एकेक शर्ट काढून बाजूला टाकत होती, आणि टाकता टाकता मोठ्यानं बोलत होती, रडत नव्हती. "काम दोन मानसंसनं करे, आनि घर ये तवय अर्धाच ये. येवा नि आडवा पडी जावा. दिवाळीलेबी आडवा. मी कोनले सांगू? कोनसंगे बोलू?" बायका तिला गप्प करायला लागल्या. मी म्हटलं, बोलू द्या. पत्रकवाल्यांच्या तोंडून ऐकलंय ते सगळं खोटं वाटावं इतकं खरं ती बोलत होती. तुझ्या निष्ठेची अर्धी किंमत ती मोजत होती, गोरख. तिला कुणी विचारलं नव्हतं. तूही नाही. हेसुद्धा आपल्या भांडणात धर.

आणि तरी दहाव्याला, पंगत बसायच्या वेळी, रोहिदास अंगणाच्या टोकाला कुडाला टेकून उभा होता. आत यायला धजत नव्हता. लोक त्याच्याकडं बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. मंगलवहिनी ताट घेऊन त्याच्यापर्यंत गेली. म्हणाली, "रोहिदास भाऊ, पहिले तुम्ही बठा." तो म्हणाला, "मन्हा घास उतराव नही, वहिनी." ती म्हणाली, "त्यानाबी उतरता नही, तुम्हनाशिवाय. बठा." आणि तो जेवेपर्यंत ती समोरून हलली नाही.

तुमच्या घरात हे असं करायला कोण शिकवतं रे? मला तुम्हा लोकांचा कधी कधी फार राग येतो.

*

शेठनं शेडमध्ये शोकसभा घेतली. तुझ्या घरच्यांना काय मिळायला पाहिजे ते भांडण वेगळं चालू आहे, ते मी सोडणार नाही, इथं लिहीतही नाही. पण सभेबद्दल लिहितो. खुर्च्या मांडल्या होत्या, थंड पाणी होतं. शेठ बोलला. वाईट माणूस नाही तो, हेच अवघड आहे. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. म्हणाला, गोरखसारखी निष्ठा आता पाह्याले मियत नही. कधी आवाज नाही, कधी तक्रार नाही. दोन माणसांचं काम एकटा करायचा.

म्हणजे त्याला माहीत होतं! 'दोन माणसांचं काम' हे त्याला कुठून कळलं? तू मेल्यावर कुणी सांगितलं, की आधीपासून दिसत होतं? मी उभा राहिलो. माझं तोंड उघडलेलं होतं. नानानं खालून माझा सदरा धरला आणि खाली बसवलं. "आज नको," म्हणाला. "आज तो मान दी राह्यना. लेऊ दे गोरखले."

त्यानंतर टोळी परत कामाला लागायचा दिवस आला. बाग कापायला आली होती, केळं कुणासाठी थांबत नाही. मी आदल्या दिवशीच रावेरला येऊन राहिलो होतो. पिशवीत पत्रकं होती, तुझ्या नावाची, माझ्या भाषेतली.

सकाळी बांधावर चुंबळी मांडल्या. तुझी नव्हती. रोहिदासनं आपली मांडली, निळ्या काठाची. ओळीत जागा सोडून, कडेला. नाना ओळीपाशी आला आणि थांबला. प्रत्येकाला ठाऊक होतं काय विचारणार ते.

"हाई कोन चालाडी?"

मग मागून एकानं म्हटलं, "आम्ही वाटी लेतस. एकेक फेरी." दुसरा म्हणाला, हां, वाटून घेऊ. चांगली माणसं आहेत रे आपली. तुझ्यासारखीच, एकदम चुकीची आणि एकदम चांगली. मी पिशवीत हात घातला होता, पण पत्रकं काढली नाहीत. काय लिहिलं होतं त्यांत? 'एकजुटीनं लढा'. समोर एकजूट उभी होती आणि ती वाहायला निघाली होती.

रोहिदास म्हणाला, "नको."

"काबरं रे?"

"एक मानूस खाई टाका मी. आखो नको." त्यानं चुंबळ ओळीतून उचलली आणि खाली बसला. बांधावर, उन्हात. "मी जास गाव. तुम्ही कापा."

पण तो उठला नाही. गावी जायला निघालाही नाही. नुसता बसून राहिला. आणि मग वामननानानं, ज्यानं आयुष्यात एकदाही कुणा शेठला नाही म्हटलं नव्हतं, हातातला विळा जमिनीवर ठेवला आणि रोहिदासशेजारी बसला. कापणाराच बसला म्हटल्यावर वाहणारे काय वाहणार? एकेक करून सगळे बसले. कुणी घोषणा दिली नाही. कुणी काही ठरवलं नव्हतं. मीही बसलो.

ट्रक उभा होता. ड्रायव्हर पंजाबकडचा, त्याला लांब जायचं होतं, तो हॉर्न वाजवायला लागला. शेठचा माणूस आला, ओरडला, फोन केला. ऊन वर आलं तेव्हा शेठ मोटारसायकलवरून स्वतः आला.

"काय झालं बॉ नाना? गाडी कव्हाची उभी हाये."

नाना बसूनच बोलला. "रोहिदासले शेडमा बसाडा, शेठ. फनी धोवाले. कायमनं."

"त्याले? पाय धड नही त्याचा."

"फनी काय पायघाई धोतस का, शेठ?"

टोळी हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता दोघं-तिघं रडायला लागले, आणि शेठ गोंधळला. त्यानं ट्रककडं बघितलं, ड्रायव्हरकडं बघितलं, रोहिदासच्या पायाकडं बघितलं. मग टोपी काढून घाम पुसला.

"इतलंच ना? मंग तोंडानं सांगाचं होतं ना बॉ!"

इतलंच ना.

गोरख, दुपारच्या भाकरीआधी संपलं. विळा परत नानाच्या हातात, टोळी बागेत, रोहिदास शेठच्या माणसाच्या मोटारसायकलवर मागं बसून शेडकडं. अर्ध्या दिवसाचं काम होतं. मी फैजपूरच्या टपरीवर तुला सांगितलं होतं तेच, तसंच. माझं बरोबर होतं. मी बांधावर उभा होतो आणि माझं बरोबर होतं, आणि मला माझ्याच बरोबरपणाची शिसारी आली.

कारण ते माझ्या पत्रकासाठी बसले नव्हते. तुझ्या रिकाम्या जागेसाठी बसले होते. तू जिवंत असताना मी शंभरदा सांगितलं असतं तरी नानानं विळा खाली ठेवला नसता. आणि शेठनं तेव्हा 'इतलंच ना' म्हटलं असतं, की 'लंगडा कशाले आना' म्हटलं असतं? ते तुला माहीत नव्हतं, मला माहीत नाही, आणि आता शेठलाही माहीत नाही. तू एक माणूस टिकवून धरलास म्हणून त्याच्यासाठी जागा मागता आली. पण टिकवून धरलास म्हणूनच इतके हंगाम कुणाला मागावी लागली नाही. दोन्ही खरं आहे. मला हे जमत नाही, गोरख. पत्रकात एका वेळी एकच खरं चालतं.

संघटनेत सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. 'रावेरचा विजय' म्हणून लिही, म्हणाले. मी म्हटलं, लिहितो. त्याऐवजी हे लिहिलंय.

काल शेडमध्ये गेलो होतो. रोहिदास टाकीपाशी पाटावर बसला होता. बाह्या वर, पाय एका बाजूला लांब केलेला. पाण्यातून फणी काढायची, चीक चोळून धुवायची, उलटी करून निथळायला ठेवायची. हात सरावले होते. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो.

"कसं शे काम?"

"सावली शे," म्हणाला. पाण्यातून आणखी एक फणी काढत म्हणाला, "पंखाबी शे."

मला बरं वाटलं. मी काहीतरी बोलायला गेलो, की बघ, झालं ना, गोरखला मी हेच सांगत होतो. त्यानं हातातली फणी खाली ठेवली. ओल्या हातानंच तोंड पुसलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"तू जितना, पत्रक्या," म्हणाला. "आते मन्हा सोबती परत लई ये."

मागं ट्रक लागला होता, आपल्या टोळीचा माल उतरत होता. रोहिदासनं दाराकडं बघितलं. माणसं घड घेऊन आत येत होती, घामानं निथळत, मान आखडून. एकेकाला तो बघत होता. प्रत्येक जण टाकीजवळ आला की तो पाणी देत होता आणि म्हणत होता, टेक. आधी टेक. आणि तो माणूस बसल्याशिवाय आपल्या हातातला ग्लास सोडत नव्हता.